नॉर्डिक देशांतले सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यवर्धन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्डिक देश म्हणजे कोणते? आणि ‘आरोग्यवर्धन’ हा वेगळा विषय कशासाठी?

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि आइसलँड हे पाच देश, शिवाय ग्रीनलंड, फॅरो आणि ओलंड हे स्वायत्त प्रदेश.

रोगप्रतिबंधात प्रश्न असतो की माणूस आजारी का पडतो. आरोग्यवर्धनात प्रश्न असा की इतक्या ताणातही माणसे धडधाकट कशी राहतात, आणि तशी राहावीत म्हणून शाळा, गाव, दुकान, कारखाना यांत काय बदलावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्याने हा विचार जगापुढे मांडला. पुढची मोठी पावले नॉर्डिक भूमीवर पडली. १९९१ मध्ये स्वीडनच्या सुंड्सवाल शहरात आरोग्याला पोषक परिसर या विषयावर जागतिक परिषद झाली. २०१३ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकीतल्या परिषदेत ‘सर्व धोरणांत आरोग्य’ हा विषय होता, म्हणजे रस्ते, शेती, कर, शिक्षण यांचे निर्णय घेताना त्यांचा प्रकृतीवर काय परिणाम होईल हे आधी तपासणे.

या संशोधनात आरोन अँटोनोव्हस्की या अभ्यासकाचे नाव वारंवार येते. छळछावण्यांतून वाचलेल्या स्त्रियांपैकी २९ टक्के जणींचे मानसिक स्वास्थ्य चांगले असल्याचे त्यांना इस्रायलमध्ये आढळले, आणि हे कसे शक्य झाले याचा शोध त्यांनी घेतला. आयुष्यात काय चालले आहे ते कळणे, ते आपल्याला झेपेल असे वाटणे आणि त्यासाठी धडपडण्यात अर्थ वाटणे, अशा तीन गोष्टी त्यांनी मांडल्या. नॉर्डिक विद्यापीठांत या मांडणीवर भरपूर काम झाले आहे.

नॉर्थ कारेलिया प्रकल्पाचे इतके नाव का घेतले जाते? तिथे प्रत्यक्षात काय केले?

नॉर्थ कारेलिया हा फिनलंडच्या पूर्वेचा, रशियाला लागून असलेला प्रांत. लाकूडतोडीची कामे, दुग्धव्यवसाय आणि गरिबी. १९६० च्या दशकात पूर्व फिनलंडमधल्या पुरुषांचा हृदयविकाराने होणारा मृत्युदर जगात सर्वांत वरच्या पातळीवर होता. चाळिशी-पन्नाशीतले कमावते पुरुष जात होते. १९७१ मध्ये प्रांताच्या प्रतिनिधींनी सरकारकडे लेखी मागणी केली की यावर काहीतरी करा. ही मागणी लोकांकडून आली, आणि पुढच्या यशातला मोठा वाटा तिचा आहे. १९७२ मध्ये काम सुरू झाले. प्रमुख होते पेक्का पुस्का, वय तिशीच्याही आत. प्रांताची लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार. तुलनेसाठी शेजारचा कुओपियो प्रांत निवडला.

सुरुवातीच्या पाहणीत तीन गोष्टी समोर आल्या: कोलेस्टेरॉल खूप जास्त, रक्तदाब जास्त आणि निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करणारे. पावावर लोण्याचा जाड थर, सायीचे दूध, खारवलेले मांस, भाज्या जवळपास नाहीत. ‘भाजी ही गुरांनी खायची’ अशी तिथल्या पुरुषांची समजूत होती.

पत्रके वाटून भागणार नाही हे लवकर लक्षात आले. मग काम अनेक बाजूंनी चालले:

- गृहिणींची ‘मार्था’ ही जुनी संघटना सोबत आली. गावोगावी मेळावे भरवून नेहमीचेच पदार्थ कमी चरबीत, कमी मिठात आणि भाज्या घालून रांधून दाखवले, आणि तिथेच पंगत बसली. शिकवण्यापेक्षा चव पटवणे कामी आले.
- गावात ज्यांचा शब्द चालतो अशा शेकडो सामान्य माणसांना, म्हणजे दुकानदार, संस्थांचे कार्यकर्ते यांना, थोडे प्रशिक्षण दिले.
- सॉसेज बनवणाऱ्यांना चरबी कमी करून तिच्या जागी मशरूम वापरायला राजी केले.
- परिचारिकांकडे रक्तदाबाची नोंदवही आणि नियमित तपासणीचे काम सोपवले. त्याच १९७२ साली आलेल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने देशभर आरोग्य केंद्रे उभी राहत होती, त्याचा आधार मिळाला.
- गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या स्पर्धा लावल्या. दूरदर्शनवर मालिका झाल्या, त्यात खरीखुरी माणसे कॅमेऱ्यासमोर सिगारेट सोडत होती.

सर्वांत अवघड होता दुग्धव्यवसाय. लोणी कमी खा म्हणणे म्हणजे शेजाऱ्याच्या पोटावर पाय देणे, असे वाटणे साहजिक होते. विरोध झालाच. त्यावर उत्तर शेतीतूनच शोधले. थंडीत तग धरणारे, मोहरीच्या जातीतले रेपसीड फिनलंडमध्ये पिकू लागले आणि देशी तेल मिळाले. काही शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळवले. दुधाचा भाव फॅटऐवजी प्रथिनांवर ठरवण्याकडे देशाचे धोरण सरकले. आपल्याकडे डेअरीवर फॅट लावून दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला हा बदल किती मोठा आहे ते वेगळे सांगायला नको.

त्याचा परिणाम खरोखर किती झाला?

पुरुषांचे सरासरी कोलेस्टेरॉल १९७२ मध्ये डेसिलिटरमागे सुमारे २६७ मिलिग्रॅम होते, ते २००७ पर्यंत २०९ च्या आसपास आले. धूम्रपान ५२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. कामाच्या वयातल्या पुरुषांचा हृदयविकाराने होणारा मृत्युदर साधारण ८५ टक्क्यांनी घटला.

आता सावधगिरीची बाजू. काही वर्षांत कुओपियोतही मृत्युदर उतरू लागला. त्यामुळे फरक प्रकल्पामुळे पडला की काळच बदलत होता, हा वाद संशोधकांत दीर्घकाळ चालला. पहिली पाच वर्षे संपल्यावर प्रकल्पाचे अनुभव मुद्दाम देशभर नेले गेले, त्यामुळे तुलनेचा प्रांत ‘कोरा’ राहिलाच नाही. ज्या कार्यक्रमाचा हेतू पसरणे हा आहे त्याचे मोजमाप करताना हीच अडचण नेहमी येते. १९८२ ते १९९७ या काळाच्या विश्लेषणात घटीचा निम्म्याहून अधिक भाग कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान कमी झाल्यामुळे, तर एक चतुर्थांशाहून थोडा कमी भाग सुधारलेल्या उपचारांमुळे असे दिसले.

एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. तेव्हा उत्तरेत कॉफी भांड्यात उकळून, न गाळता प्यायची पद्धत होती. नॉर्वेतल्या ट्रोम्सो पाहणीतून १९८३ मध्ये कॉफी आणि कोलेस्टेरॉलचा संबंध प्रसिद्ध झाला. पुढे कळले की उकळलेल्या कॉफीतले तेलकट घटक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि कागदी गाळणीत ते अडकतात. फिनलंडमध्ये लोक गाळलेल्या कॉफीकडे वळले होते, त्याचाही थोडा हात या घटीला लागला.

फिनलंड सरकार प्रत्येक बाळाला खोका देते म्हणे. त्यामुळे बालमृत्यू कमी झाले का?

सरकारी बाळंतविडाच तो. १९३८ पासून गरीब आईला आणि १९४९ पासून सर्वांना. त्यात कपडे, अंथरूण-पांघरूण, काळजीच्या वस्तू असतात, आणि तळाशी गादी असल्याने बाळ खोक्यातही झोपू शकते. खोका नको असेल तर रोख रक्कम मिळते.

पण खरी गोष्ट अटीत आहे. खोका मिळवायचा तर गरोदरपणाचा चौथा महिना संपण्याआधी डॉक्टरकडे किंवा ‘नेउवोला’ या माता-बाल केंद्रात तपासणी करून घ्यावीच लागते. खोक्याच्या ओढीने बाई लवकर केंद्रात येते, आणि मग रक्तदाब, रक्त-लघवी तपासणी, सल्ला हे सगळे सुरू होते. १९४४ च्या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेला नेउवोला चालवणे बंधनकारक झाले. बालमृत्यू घटले ते या साखळीमुळे, शिवाय स्वच्छ पाणी, लसी आणि वाढते उत्पन्न यांमुळे. नुसता पुठ्ठ्याचा खोका उचलून दुसऱ्या देशात वाटला तर तसा परिणाम येईल अशी अपेक्षा ठेवू नये. काही ठिकाणी नेमकी हीच चूक झाली: खोका घेतला, अट सोडली.

तिथल्या संशोधनात लाखो लोकांची माहिती असते. ती येते कुठून?

प्रत्येक रहिवाशाला मिळणाऱ्या ओळख क्रमांकातून. स्वीडनमध्ये तो १९४७ पासून आहे, नॉर्वेत १९६४, डेन्मार्कमध्ये १९६८ पासून. जन्म, मृत्यू, कर्करोग, रुग्णालयातले दाखले, औषधाची चिठ्ठी, शिक्षण, उत्पन्न अशा नोंदी याच क्रमांकाने जोडता येतात. डेन्मार्कची कर्करोग नोंदणी १९४० च्या दशकापासून चालू आहे. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने बाळांत व्यंगे आली, त्या दुर्घटनेनंतर नॉर्वेने १९६७ मध्ये देशातल्या प्रत्येक जन्माची वैद्यकीय नोंद सुरू केली.

याचा उपयोग काय ते एका उदाहरणात दिसते. गोवर-गालगुंड-रुबेला लशीमुळे ऑटिझम होतो या अफवेची तपासणी डेन्मार्कने १९९९ ते २०१० मध्ये जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदींवर केली. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: धोका वाढत नाही. भावंडाला ऑटिझम असलेल्या मुलांतही नाही.

नोंदींत नसते ते म्हणजे माणूस काय खातो, किती चालतो, कसा झोपतो. त्यासाठी ट्रोम्सो (१९७४ पासून) आणि ‘हुंट’ (१९८४ पासून, नॉर्वेचा ट्रोंडेलाग भाग) अशा पाहण्या आहेत. एकाच भागातल्या प्रौढांना ठरावीक वर्षांनी पुन्हा बोलावतात, प्रश्नावली भरून घेतात, वजन-रक्तदाब मोजतात, रक्ताचे नमुने साठवतात.

हा विदा (डेटा) बाहेरच्या संशोधकाला मिळतो का? काय चुकते?

मिळतो, पण हातात मिळत नाही. साधारण क्रम असा:

१. संशोधनाचा प्रश्न आणि लागणाऱ्या रकान्यांची नेमकी यादी. प्रत्येक रकाना का हवा ते लिहावे लागते.
२. त्या देशातल्या संस्थेतला सहकारी. बहुतेक वेळा अर्ज त्याच्या नावानेच जातो.
३. नैतिक समितीची किंवा विदा-संरक्षणाची परवानगी, देशाच्या नियमाप्रमाणे.
४. नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज. फिनलंडमध्ये २०१९ च्या कायद्यानंतर यासाठी ‘फिनडाटा’ हे एकच दार आहे.
५. नोंदींची जोडणी ते कार्यालय स्वतः करते आणि ओळख क्रमांक काढून टाकते. विश्लेषण सुरक्षित सर्व्हरवर, बाहेर फक्त एकत्रित आकडे.

बहुतेकांचा वेळ पहिल्या पायरीतल्या ढिलाईमुळे जातो. ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणून मागितलेले रकाने अर्ज परत यायला कारण होतात. दोन-तीन देशांचा विदा एकत्र करायचा असेल तर महिने नव्हे, वर्षे धरून चाला.

स्थलांतरितांचा अभ्यास करणाऱ्यांनी दोन खड्डे ओळखून ठेवावेत. एक, परदेशात घेतलेले शिक्षण नोंदीत अनेकदा नसते, आणि ‘माहिती नाही’ला ‘अशिक्षित’ समजले की निष्कर्ष कोसळतो. दोन, माणूस देश सोडून जातो पण कळवत नाही. कागदावर तो तिथेच राहतो, आजारी पडत नाही, मरतही नाही, आणि स्थलांतरित फार निरोगी आहेत असा खोटा निकाल हाती येतो. अशा वेळी उत्पन्न, औषधे, रुग्णालय यांपैकी कुठलीही हालचाल नसलेल्या व्यक्ती वगळून हिशेब पुन्हा करून पाहावा.

दारू सरकारी दुकानातच का मिळते?

नॉर्वेत ‘विनमोनोपोले’ १९२२ पासून, फिनलंडमध्ये ‘आल्को’ १९३२ पासून, स्वीडनमध्ये ‘सिस्टेमबोलागेत’ आजच्या रूपात १९५५ पासून. आइसलँडमध्येही सरकारी दुकाने आहेत, डेन्मार्कमध्ये नाहीत. फिनलंडने १९१९ ते १९३२ पूर्ण बंदीही करून पाहिली होती, तस्करी वाढली आणि बंदी उठली. आइसलँडमध्ये तर बिअर १ मार्च १९८९ ला कायदेशीर झाली.

तत्त्व एवढेच: विकणाऱ्याला जास्त विकण्यात फायदा नसावा. सवलत नाही, ‘एकावर एक’ नाही. स्वीडनमध्ये साडेतीन टक्क्यांहून जास्त मद्यांश असलेले पेय किराणा दुकानात मिळत नाही, सरकारी दुकान शनिवारी दुपारी तीनला बंद होते, रविवारी उघडत नाही, आणि खरेदीचे किमान वय २० आहे. आपल्याकडे वाद ‘बंदी हवी की नको’ इथेच अडकतो. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, चंद्रपूरला २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे, आणि नॉर्डिक अनुभव त्या जागेतला आहे.

किमतीचा परिणाम फिनलंडने किंमत मोजून शिकला. एस्टोनियातली स्वस्त दारू येणार या धास्तीने मार्च २००४ मध्ये मद्यकर सरासरी ३३ टक्क्यांनी कमी केला. खप वाढला, दारूमुळे होणारे मृत्यू वाढले, आणि ते कमी उत्पन्नाच्या गटात जास्त वाढले. पुढे कर पुन्हा टप्प्याटप्प्याने चढवावे लागले.

आइसलँडमध्ये किशोरवयीन मुलांची दारू कशी सुटली?

१९९८ मध्ये दहावीतल्या ४२ टक्के मुलांनी ‘गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलो’ असे सांगितले होते. २०१६ मध्ये ५ टक्के. रोज सिगारेट ओढणारी मुले २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली.

‘दारू वाईट’ अशी व्याख्याने हा त्यातला मुख्य भाग नव्हता. मुलांचा मोकळा वेळ आणि पालकांची सोबत यांवर भर होता. रात्री बाहेर राहण्याच्या वेळा ठरल्या: हिवाळ्यात १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना रात्री आठपर्यंत, १३ ते १६ वयाला दहापर्यंत, उन्हाळ्यात दोन तास जास्त. पालकांनी आपसांत लेखी करार केले, शनिवार-रविवारी रात्री गटाने गल्ल्यांत फेऱ्या मारल्या. रेक्याविकने खेळ, संगीत, नृत्य यांच्या वर्गांसाठी प्रत्येक मुलाला वार्षिक अनुदान-कार्ड दिले.

सगळ्याचा कणा म्हणजे नियमित पाहणी. शाळेत निनावी प्रश्नावली भरून घ्यायची आणि काही आठवड्यांत त्या गावाचे, त्या शाळेचे निकाल पालकांपुढे ठेवायचे. देशाची सरासरी ऐकून कोणी उठत नाही, आपल्या शाळेचा आकडा ऐकला की उठतात. दोन वर्षांनी छापून येणारा अहवाल या कामाला निरुपयोगी. हेही नोंदवायला हवे की याच काळात युरोपात इतरत्रही किशोरवयीन मद्यपान घटले, त्यामुळे सगळे श्रेय या पद्धतीला देता येत नाही. आता तिथे निकोटिनच्या पुड्या आणि व्हेप हा नवा प्रश्न आहे.

स्वीडनमध्ये ‘स्नूस’मुळे (ओठाखाली ठेवायचा ओलसर तंबाखू) सिगारेट कमी झाली. मग आपला तंबाखूही कमी घातक मानायचा का?

नाही. हा प्रश्न महाराष्ट्रातून वारंवार येतो म्हणून स्पष्ट लिहितो. स्वीडिश स्नूस वाफेवर तापवून तयार करतात, त्यातली कर्करोगकारक नायट्रोसमाइन्स कमी राखलेली असतात, त्यात सुपारी नसते. आपला मावा, खर्रा, गुटखा यांत तंबाखूबरोबर सुपारी आणि चुना असतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे आणि तोंड आखडण्याच्या आजाराचे मूळ तीच आहे. विदर्भात खर्रा खाऊन तोंडात दोन बोटेही न जाणारा पंचविशीतला मुलगा डॉक्टरांना नवा नाही. स्नूसवरचे निष्कर्ष या पदार्थांना लावणे अशास्त्रीय आणि धोकादायक आहे. स्नूसही निरुपद्रवी नाही: निकोटिनचे व्यसन लागतेच, आणि गरोदरपणात बाळाला धोका असतो. स्वीडन सोडून युरोपीय संघात त्याच्या विक्रीला बंदी आहे.

डेन्मार्कने चरबीवर कर लावला होता, तो का फसला?

डेन्मार्कची दोन पावले शेजारी ठेवून पाहावीत. २००३ मध्ये औद्योगिक ट्रान्स फॅटवर (कारखान्यात तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी) एकूण चरबीच्या २ टक्के अशी मर्यादा घातली. कारखान्यांनी कृती बदलली, ग्राहकाला काहीच करावे लागले नाही, चव-किंमत जवळपास तीच राहिली. भारतात हीच २ टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून लागू आहे, त्यामुळे बेकरीतली खारी आणि वनस्पती तूप या नियमाखाली येतात.

ऑक्टोबर २०११ मध्ये संतृप्त चरबीवर किलोमागे १६ क्रोनर कर लावला, २.३ टक्क्यांहून जास्त संतृप्त चरबी असलेल्या पदार्थांवर. वर्षभरातच तो मागे घ्यायचा ठरले. हिशेब किचकट, व्यापारी नाराज, आणि लोक लोणी-चीज आणायला जर्मनीत जाऊ लागले. कर लावताना महसुलाचा हेतू पुढे आणि आरोग्याचा मागे, असे चित्रही उभे राहिले. खाण्यात थोडा फरक पडला होता, पण कर टिकवायला लागणारा राजकीय पाठिंबा उभा केलेला नव्हता.

पाकिटावरची हिरवी कुलुपाची खूण कसली?

कुलपाच्या छिद्राच्या आकाराची ही खूण स्वीडनने १९८९ मध्ये आणली, २००९ मध्ये नॉर्वे-डेन्मार्कने आणि नंतर आइसलँडने स्वीकारली. त्या प्रकारच्या इतर पदार्थांपेक्षा यात मीठ, साखर, वाईट चरबी कमी किंवा तंतू जास्त, एवढाच तिचा अर्थ. ‘हवे तेवढे खा’ असा नाही.

तिथे सगळ्यांना सगळे मिळते, मग विषमता संपली असेल ना?

संपलेली नाही, आणि तिथले संशोधक हे लपवत नाहीत. शिक्षण आणि उत्पन्नानुसार आयुर्मानात आजही ठळक फरक आहे. उपचार मोफत किंवा स्वस्त असले तरी धूम्रपान, कामाचे स्वरूप, एकटेपणा हे खालच्या गटांत जास्त आढळतात, आणि नव्या सल्ल्याचा फायदा शिकलेला माणूस आधी उचलतो. म्हणून स्वीडनने टाळता येण्याजोगी दरी एका पिढीत मिटवण्याचे ध्येय ठेवले आहे. नॉर्वेचा सार्वजनिक आरोग्य कायदा २०१२ पासून लागू आहे, आणि त्यानुसार प्रत्येक नगरपालिकेला आपल्या रहिवाशांच्या आरोग्याचा आणि त्यामागच्या कारणांचा लेखी आढावा ठेवावा लागतो. तो दर चार वर्षांनी नगर नियोजनाच्या टेबलावर येतो. छोट्या नगरपालिकांकडे हे काम करायला माणूस नसतो, तिथे आढावा कागदावरच राहतो.

आम्ही महाराष्ट्रातून तिकडे राहायला जात आहोत. प्रकृतीबाबत काय लक्षात ठेवावे?

सर्वांत आधी व्हिटॅमिन डी. ओस्लो, स्टॉकहोम, हेलसिंकी साधारण ६० अक्षांशावर आहेत. तिथे ऑक्टोबर ते मार्च उन्हातून त्वचेत डी जवळजवळ तयार होत नाही, आणि सावळ्या त्वचेला तर उन्हाळ्यातही जास्त वेळ लागतो. नॉर्डिक शिफारस प्रौढांसाठी रोज १० मायक्रोग्रॅम (४०० युनिट), ७५ वर्षांवरील व्यक्तींना २०. फिनलंडमध्ये दुधात १०० मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम मिसळलेले असते, म्हणजे दोन पेले दूध घेतले तरी साधारण निम्मीच गरज भागते. मासे न खाणाऱ्यांनी गोळी घ्यावी. बाळाला थेंब किती द्यायचे ते माता-बाल केंद्रातली परिचारिका सांगते, तिच्याच मापाने द्यावेत. भारतातून आणलेल्या ६० हजार युनिटच्या साप्ताहिक पुड्या स्वतःहून चालू ठेवू नयेत.

दुसरे, मधुमेह. दक्षिण आशियाई लोकांत तो कमी वयात आणि कमी वजनातही होतो. तिथले डॉक्टर विनाकारण तपासण्या लिहून देत नाहीत, त्यामुळे आई-वडिलांना मधुमेह असेल तर ते आपणहून सांगा आणि रक्तातली साखर तपासायची मागणी करा.

तिसरे, ओळख क्रमांक मिळेपर्यंत नेहमीचा डॉक्टर नेमला जात नाही. ती नोंदणी पोहोचल्या-पोहोचल्या करा. लसीकरणाचे कार्ड आणि चालू औषधांची यादी, ब्रँडचे नव्हे तर मूळ औषधाचे नाव लिहून, इंग्रजीत सोबत ठेवा.

हा विषय तिथे शिकता येईल का?

हो. सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, आणि आरोग्यवर्धनासाठी नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाचे नाव जुने आहे. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना आता शुल्क पडते: स्वीडनमध्ये २०११ पासून, फिनलंडमध्ये २०१७, नॉर्वेत २०२३ पासून. अभ्यास इंग्रजीत झाला तरी नगरपालिकेत किंवा शाळेत काम करायचे तर स्थानिक भाषा हवीच, कारण मुलाखती, प्रश्नावल्या, बैठका सगळे त्याच भाषेत चालते. पहिल्या सत्रापासून भाषेचा वर्ग लावा. आकडेवारीची बाजू पक्की असेल तर नोंदींवर आधारित संशोधनात भाषेशिवायही शिरकाव होतो, आणि त्यासाठी ‘आर’ किंवा ‘स्टाटा’ या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरपैकी एक तरी निघण्याआधी हाताखालून गेलेले असावे.